अय्यप्प पणिक्कर आपल्याला माहीत नाहीत?

मा. संपादक, स.न.वि.वि.

नेत्रावती एक्सप्रेस रोज आमच्या रत्नागिरीवरून तिरुवनंतपुरमला जाते पण तिकडचा एक तरी कवी आपल्याला माहितेय का? के. अय्यप्प पणिक्कर, जन्म १९३०, केरळातल्या कुट्टनाडमधलं कावालम गाव, म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती करणारा भाग, बांध फुटला तर शेत गेलं, आपल्या खारजमिनीवाल्यांना हे वेगळं सांगायला नकोच. पेशाने इंग्रजीचे प्राध्यापक, पीएचडी अमेरिकेत इंडियाना युनिव्हर्सिटीत केली पण कविता मल्याळममध्येच लिहिली. १९६० मध्ये त्यांची 'कुरुक्षेत्रम' ही दीर्घकविता आली आणि मल्याळममधली आधुनिक कविता तिथून सुरू झाली असं मानतात.

मला त्यांच्यातला समीक्षक जास्त मोठा वाटतो. बाहेरची कविता कोळून प्यालेला माणूस, तरी साहित्याचा विचार आपल्या परंपरेतून करता येतो हे ठामपणे मांडत राहिला, आणि साहित्य अकादमीसाठी मध्ययुगीन भारतीय साहित्याचे जाडजूड खंड संपादित केले, केवढं काम आहे हे! २००५ चा सरस्वती सन्मान हा साहित्य पुरस्कार मिळाला, २००६ मध्ये गेले.

मी लायब्ररीत त्यांचं मराठीत काही आहे का विचारलं तर कपाटात एकही पुस्तक नाही, फार वाईट वाटलं. तुमच्या रविवार पुरवणीत महिन्याला एक तरी मल्याळम कविता थेट मल्याळममधून अनुवाद करून छापा ना, इंग्रजीवरून नको. कोकणात मल्याळम आणि मराठी दोन्ही येणारी माणसं आहेत, त्यांना विचारा.

- एक वाचक, रत्नागिरी