दिवाणाखालची बेगमी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीच्या तोंडावर आपल्या रविवारच्या पुरवणीत घर आवरण्यावर पानभर मजकूर आला होता. ज्या वस्तूला वर्षभरात हात लागला नाही ती घराबाहेर काढावी, असा त्यातला मुख्य नियम. आमच्या सूनबाईंनी त्या पानाचा फोटो पुण्याहून मला मोबाइलवर पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही, नुसते जोडलेले हात. काय म्हणायचं ते पोचलं.

माझा ऐवज आधी सांगते, म्हणजे लपवाछपवी नको. दिवाणाच्या पोटात मेंढीची कच्ची लोकर, न धुतलेली, पोत्यांत बांधून २३ किलो. लोखंडी ट्रंकेत धुऊन विंचरलेली ४ किलो. माझ्या हातानं कातलेल्या लडी ३१. दुकानातून आणलेले गुंडे मोजायचं मी दोनशेवर गेल्यावर सोडून दिलं; ते बंद पडलेल्या वॉशिंग मशीनमध्ये, गव्हाच्या कोठीत आणि यांच्या व्हीआयपीच्या जुन्या सुटकेसमध्ये आहेत. शिवाय भाचीनं ऑस्ट्रेलियाहून आणलेली अर्धा किलो मेरिनो मेंढीची मऊ लोकर, तिला हात लावायचं अजून माझं धाडस होत नाही. टपाल खात्यात ३५ वर्षं काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे शिल्लक जुळवल्याशिवाय झोप येत नाही.

या नादाची सुरुवात खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. १९६८-६९ साली मी चौथीत होते. आठवड्यातून दोन तास सूतकताई. पितळी चकतीची टकळी, वाटीत टोक टेकवून फिरवायची, डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी. गुरुजी लडी मोजून घ्यायचे. ६४० तारांची एक गुंडी आणि एक तार म्हणजे चार फूट, हे गणित मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. माझं सूत असं असायचं की मध्ये सुतळी, मध्ये केस. गुरुजी म्हणायचे, तुझ्या सुतात आख्खा सातारा जिल्हा आहे, घाट आणि पठार.

घरी आजोबांचा पेटीचरखा होता. पुस्तकासारखा उघडायचा, आत दोन चाकं, एक मोठं एक लहान, आणि चाती, म्हणजे गरगर फिरून धाग्याला पीळ देणारी सळई. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना या पेटीचरख्याला रूप दिलं म्हणून त्याला येरवडा चरखा म्हणतात. आजोबा पहाटे कातायचे, आम्ही पांघरुणातून त्याची घरघर ऐकायचो. तो चरखा आता माझ्याकडे आहे. चाकावरची माळ (फिरती दोरी) तुटली की क्रोशाचा दोरा बांधते, चालतो.

आणि खरं सांगायचं तर पीळ द्यायला मला शाळेनं शिकवलंच नाही. आजीनं शिकवलं. देवकापसाचं बोंड सोडवायचं, सरकी काढायची, बोटांनी पिंजायचं आणि पोटरीवर तळहातानं वात वळायची. श्रावणात घरोघरी बायका हेच करत असत, कुणी लाखवातींचा नेमही धरत असे. धागा ओढणं, पीळ भरणं, दोन पदर उलट वळून एकमेकांत अडकवणं, सगळी विद्या त्या एका वातीत आहे. देवासमोर जळते म्हणून तिला कुणी पसारा म्हणत नाही, एवढाच फरक.

विणकाम आईकडून आलं. दोन सुया, सुलट-उलट. काठाला १२ नंबर, अंगाला १० नंबर. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. नवी मुलं मिलिमीटरात बोलतात. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, हे मी गंजाच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवलंय. आमच्या ऑफिसात थंडीत दुपारच्या सुट्टीत चार-पाच जणी विणायच्या. रविवार पेठेतून कुणी लोकर आणली की वाटून घ्यायची. आपण जिला लोकर म्हणतो, ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असते. एक धागा पेटवून पाहावा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. हे मला निवृत्तीनंतर कळलं. नातवाच्या जन्माच्या वेळी मी मोठ्या कौतुकानं ‘लोकरीचं’ कुंचडं विणलं होतं.

आता मूळ मुद्दा, म्हणजे ती पोती.

खटावला भावाच्या शेतात दरवर्षी धनगराचा वाडा बसतो. मेंढरं रानात बसवायची, खत मिळतं, बदल्यात धान्य नि थोडे पैसे द्यायचे, ही जुनी रीत. सहा वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा कातरणी चालली होती. मेंढी आडवी करून चारी पाय बांधायचे, कातर फिरवायची, दहा-पंधरा मिनिटांत मेंढी उघडी नि शेजारी काळा ढीग. असे ढीग बांधाला लावून ठेवलेले. मी विचारलं, काय भाव? मेंढपाळ हसला. म्हणाला, “ताई, भाव कसला? न्या की पोतंभर. कातरणाऱ्याला मेंढरामागं पैसं मीच द्यायचं आन् लोकर बांधाला टाकायची. न्हाय कातरली तर मेंढरू तापतंय.”

मी त्या रात्री जेवले नाही म्हणाल तर तसं काही नाही, दोन भाकऱ्या खाल्ल्या. पण झोप आली नाही. याच लोकरीवर माण, सांगोला, मंगळवेढ्याकडची सणगरांची घरं चालत होती. बायकांनी पिंजून कातायची, पुरुषांनी खड्ड्याच्या मागावर विणायची, चिंचोक्याची खळ लावून वाळवायची, की पावसात अंगावर घ्यायला घोंगडं तयार. आमच्या आजोबांच्या घोंगड्याला ओलं झाल्यावर जो वास यायचा तो मला अजून येतो. मग पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली, प्लॅस्टिकची खोळ आली. दख्खनी मेंढीची लोकर जाड नि खरखरीत, अंगाला टोचते, गिरण्यांना ती नकोच असते. आता मेंढी पाळायची ती मटणासाठी आणि खतासाठी. जतकडच्या माडग्याळी मेंढीला मोठी किंमत आहे, तिच्या अंगावर लोकर कमीच. पुढचं गणित सांगायला नको.

तर मी दोन पोती आणली. एसटीच्या कंडक्टरनं वास घेऊन माझ्याकडे पाहिलं आणि सामानाचं तिकीट फाडलं.

पहिली दोन किलो मी वॉशिंग मशीनमध्ये घातली. लोकरीला गरम पाणी चालतं, साबण चालतो, घुसळण चालत नाही, हे मला तेव्हा कोण सांगणार? अर्ध्या तासानं बाहेर काढलं ते सिमेंटच्या पाटीएवढं घट्ट कातडं. मशीनचा पंप कुसळांनी भरला, ते मशीन पुन्हा चालू झालंच नाही. (म्हणून त्यात आता गुंडे.) तो नमदा (आटून घट्ट झालेल्या लोकरीच्या अशा तुकड्याला नमदा म्हणतात) यांच्या स्कूटरच्या सीटवर सहा वर्षं आहे, फाटायचं नाव नाही.

मग शिकले. आधी उन्हात टाकून लेंड्या नि मातीचे गोळे झाडायचे. गोखरू हातानं वेचायचे. कोमट पाण्यात रिठा टाकून रात्रभर नुसतं बुडवून ठेवायचं, पाणी बदलायचं, ढवळायचं नाही, पिळायचं नाही. एका किलोतून साडेसहाशे ग्रॅम हाती लागते. कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती मात्र वेगळी ठेवायची, ती खरोखर मऊ असते. टकळी लोकरीला हलकी पडते आणि आजोबांच्या चरख्यावर पीळ इतका बसतो की धागा शेवयांसारखा गुंडाळून येतो. कापसाचा तंतू आखूड, त्याला भरपूर पीळ लागतो. लोकरीचा लांब, तिला थोडक्यात भागतं. शेवटी पोळपाट-लाटणी करणाऱ्या एका कारागिराकडून ४५ ग्रॅमची लाकडी चाती करून घेतली. त्यानं विचारलं, भोवरा का? म्हटलं, हो, म्हातारपणी खेळायला.

त्या धाग्याची पहिली बंडी यांच्यासाठी. काळीभोर, दुपदरी धाग्याची. हे म्हणाले, “मी काय मेंढरं राखायला चाललोय?” आठ दिवस खुंटीवर राहिली. डिसेंबरात एका पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाताना गुपचूप शर्टावर चढवून गेले, तेव्हापासून माझ्या हातात धुवायलासुद्धा देत नाहीत. मेंढपाळाला मी टोपी विणून नेली. त्यानं ती उलटीसुलटी केली, ओढून पाहिली, नाकाला लावली. “आमच्याच मेंढराची व्हय ही?” म्हणाला. मग बायकोला हाक मारून दाखवली. त्यानंतर तो मला दर कातरणीला फोन करतो, जावळ वेगळं बांधून ठेवतो, आणि मी किलोला पैसे देते, तो नको म्हणत असला तरी.

आता सूनबाईंच्या बाजूनंही बोलायला हवं. बेगमी म्हणजे वर्षभराची तरतूद. कुरडया, पापड, तिखट, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत संपलं पाहिजे. माझा हिशेब असा: एका बंडीला ९०० मीटर दुपदरी धागा, म्हणजे १८०० मीटर एकपदरी कातायचा, मग दोन पदर वळायचे. माझ्या हाताला तासाला ६० मीटर जमतं, म्हणजे नुसत्या कातण्याला ३० तास. वर विंचरणं आणि विणणं. वर्षाला चार बंड्या होतात, त्यांना न धुतलेली तीन किलो लोकर पुरते. मी आणते आठ किलो. दिवाणाखालचं आज थांबवलं तरी संपायला आठ वर्षं लागतील, तेव्हा मी ७४ची असेन. ही बेगमी नाही, हाव आहे, हे मला कळतं. पण बांधावर ढीग पाहिला की कळलेलं राहत नाही.

कसरीचा, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीचा, प्रश्नही आहेच. साताऱ्याच्या पावसाळ्यात एका वर्षी तिनं माझ्या लाल शालीची जाळी केली, आणि कारण मीच. डांबराच्या गोळ्यांचा वास सहन होत नाही म्हणून ठेवल्या नव्हत्या. आता वेखंड आणि कडुलिंबाचा पाला, शिवाय दर ऑक्टोबरला सगळं गच्चीवर उन्हात.

यंदा तुमच्या लेखामुळे ते काम मी नियमानं केलं. दोन दिवस सगळी पोती, ट्रंक, कोठी, सुटकेस उपसली. एकेक गुंडा हातात घेतला. तीन किलो ॲक्रिलिक आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईंना दिलं, त्या त्याची तोरणं करतात. बाकी सगळं परत जागेवर. प्रत्येक वस्तूला यंदा हात लागलेला आहे, तेव्हा तुमच्याच नियमानं पुढच्या दिवाळीपर्यंत काही काढायला नको.

हे पत्र मात्र तेवढ्यासाठी नाही. माझी अडचण कातण्यात नाही, पिंजण्यात आहे. एक तास कातायला मला एक तास विंचरावं लागतं, तेही कुत्र्याचे केस विंचरायच्या दोन ब्रशांनी. (शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, कोणत्या जातीचं आणलंत?) एका पिंजाई केंद्रात पाच किलो घेऊन गेले होते. तिथल्या साहेबांनी पोत्याकडे न बघताच सांगितलं, क्विंटलच्या खाली मशीन चालू करत नाही. गहू दोन किलो असला तरी गिरणीवाला दळून देतो. माण, खटाव, फलटण भागात जिथं मेंढरं आहेत, तिथं बाजाराच्या दिवशी पाच-दहा किलो लोकर पिंजून देणारं एक लहान मशीन असेल, तर मेंढपाळाच्या घरच्या बायका ती विकू शकतील, माझ्यासारख्या दहा जणी विकत घेऊ शकतील. वर्षभर आमच्याकडे चहाला येणाऱ्या सात बायकांना मी चाती धरायला शिकवलंय. त्यातल्या चौघींना पहिल्याच दिवशी तार आली. अडतं ते विंचरलेल्या लोकरीपाशी.

आपल्या वाचकांत असं मशीन चालवणारं किंवा तयार करून देणारं कुणी असेल, अवजारं करणारा लोहार असला तरी चालेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. खर्चाचा वाटा उचलायची माझी तयारी आहे. पुढच्या गुरुवारी भावाच्या रानात कातरणी आहे, मी जाणार आहे.

आपली नियमित वाचक,
सातारा

ता. क. : नाव छापू नये. सूनबाईंना २३ किलो हा आकडा माहीत नाही, त्यांना मी नऊ सांगितलाय.