जखमींच्या बातमीत न येणारी जखम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉलीचा अपघात आपल्या अंकात ठरलेलाच. ‘एक ठार, दोघे जखमी.’ गेल्या हंगामातल्या अशाच एका बातमीतला जखमी माझा पुतण्या.

ट्रॉली आणि बांध यांच्यामध्ये त्याची कंबर चेपली. कमरेचं हाड मोडलं, बाकी ठीक, असं आम्ही धरून चाललो. लघवीच्या जागी रक्त दिसत होतं, पण भोवती आई, मावश्या. पोरगं लाजून गप्प. लघवी तुंबली म्हणून पहिल्या दवाखान्यात नळी घालायला घेतली. जाईना, तर जोर केला. तीनदा. तिसऱ्या वेळी नळीतून नुसतं रक्त आलं.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पुरुषाच्या कमरेच्या हाडांचं कडं मोडलं की मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) खालीच ओढला जाऊन फाटू शकतो. तोंडाशी रक्त ही त्याची खूण. ते दिसलं की आधी मूत्रमार्गात औषध सोडून त्याचा एक्स-रे काढायचा, तोवर नळी दामटायची नाही. अर्धवट फाटलेला मार्ग त्याने पुरता तुटू शकतो. मग बेंबीखालून थेट मूत्राशयात नळी घातली, आणि सूज ओसरून व्रण घट्ट व्हायला तीन महिने थांबून मार्ग जोडण्याची शस्त्रक्रिया झाली.

मूत्राशयही फाटतं. फाट पोटाच्या अस्तराबाहेर असेल तर बहुधा दहा-चौदा दिवस नळी ठेवून भरून येते. पण तुडुंब भरलेलं असताना मार बसला तर ते वरच्या बाजूला फुटतं, लघवी पोटात पसरते आणि शस्त्रक्रिया करूनच शिवावं लागतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये मी हल्ली लघवी दाबून बसत नाही. ड्रायव्हर कुरकुरला तरी गाडी थांबवायला लावतो.

ते तीन महिने पुतण्या लघवीची पिशवी कापडी थैलीत घालून हिंडला. एका लग्नात पाहुण्यांनी विचारलं, थैलीत आहेर काय आणलास? या दुखापतीनंतर काहींच्या वैवाहिक सुखातही अडचण येते. तो प्रश्न त्याने मला मोटरसायकलवर मागे बसून विचारला, म्हणजे तोंड दिसायला नको.

आपल्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञांकडून लिहून घ्यावं. आणि चित्र छापावं, बरं दिसत नाही म्हणून गाळू नये.

आपला,
एक वाचक, कराड