वाटा मापेपर्यंत उठू नकोस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

मामाचा फोन आला होता. उन्हाळी भुईमूग काढायला झालाय, माणसं मिळेनात, म्हणून तू परीक्षा संपल्यावर परस्पर औशाला उतरून तिकडं जाणार असं कळलं. फार बरं वाटलं. जा. पण पाहुणी म्हणून जाऊ नकोस. बायकांच्या ओळीत बसून शेंगा तोड आणि संध्याकाळी वाटा मापेपर्यंत उठू नकोस.

उपटायच्या आधी रानात ठिकठिकाणची दोन-चार झाडं काढून शेंगा फोडून बघा. टरफल आतून पांढरं असलं तर शेंग कोवळी. काळपट झालं असलं की जून. चारातल्या तीन अशा निघाल्या म्हणजे काढणीला हरकत नाही. वरचा पाला अजून हिरवा आहे म्हणून मामा आठवडाभर थांबू म्हणेल, त्याला थांबू देऊ नकोस. त्यानं टॅग-24 पेरलाय. या उपट्या वाणांच्या दाण्याला सुप्तावस्था नसते. पिकलेल्या शेंगेवर वळीव पडला की दाणा मातीतच उगवतो आणि वर्षाचं तेल गेलं.

आपली काळी रानं वाळली की दगड होतात. तशात ओढलं तर वेल हातात येतो आणि शेंगा खाली राहतात. फूल गळाल्यावर आरी जमिनीत शिरते, तिच्या टोकाला शेंग धरते, आणि पीक जून झालं की हीच आरी पटकन तुटते. म्हणून आधी हलकं पाणी द्यायचं, वापसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती नुसती ओलसर राहिली, की उपटायचं. झाड बुडाशी धरून सरळ वर ओढ, हिसका देऊ नकोस. माती झटकली की शेंगा वर करून वेल पसर.

तोडणीत पहिल्या दिवशी बोटांची टोकं सोलवटतात, रात्री ठेचा झोंबतो. त्याला इलाज नाही. शेजारच्या बाईचा हात बघत राहा. तिचं वेलाकडं लक्षसुद्धा नसतं, गप्पा चालू असतात, आणि मांडीवरच्या मुठीतून शेंगा पडत राहतात. पोचट आणि कोवळ्या शेंगा ती आपसूक बाजूला टाकते.

आता मनातलं सांगते. तोडणीची मजुरी आपल्याकडं बहुतेक शेंगांतच देतात, कितवा वाटा ते आधी ठरलेलं असतं. मापताना हात आखडता घेऊ नकोस, कुणाला घेऊ देऊ नकोस. दिवसभर उन्हात बसलेल्या बाईच्या पदरात मातीची ढेकळं आणि पोचट शेंगा गेलेल्या मला खपत नाहीत. आजी माप झाल्यावर वर एक ओंजळ टाकायची, तूही टाक. रान रिकामं झाल्यावर लेकरं सरवा वेचायला येतील, त्यांना कुणी हाकलायचं नाही. खरिपात सोयाबीन आल्यापासून गावात भुईमूगच मोजक्यांकडं उरलाय. मळणीयंत्रात सोयाबीन तासाभरात मोकळं होतं, तिथं कुणाच्या वाट्याला काय येणार?

ओल्या शेंगांचा ढीग रात्रभर ठेवू नका, पोत्यात तर मुळीच भरू नका. ओलीत बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला वाईट, आणि भाजल्यानं पुरतं जात नाही. शेंग कानाशी हलवल्यावर खुळखुळली आणि दाणा चोळल्यावर साल सुटली म्हणजे वाळली समज. ओलावा 8-9 टक्क्यांवर आला पाहिजे. बियाण्याच्या शेंगा मात्र सावलीतच वाळवायला मामीला सांग, मेच्या उन्हानं उगवण मार खाते. आणि पेरणी जवळ येईपर्यंत त्या फोडायच्या नाहीत.

मीठ घालून उकडलेल्या शेंगा तिथंच पोटभर खा. येताना माझ्यासाठी वाळलेल्याच आण, आणि पोहोचल्यावर मामाच्या फोनवरून कळव.

तुझी,
आई