खुले पत्र : मशीन मंजूर, खल नामंजूर

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहाय्यक आहे. आमच्याकडे अनुदानातून एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखणारं यंत्र) आलं. नारळ फुटला, फोटो निघाले, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद पडली. सोबत नमुना तयार करायला प्रेस, डाय (साचा), अकीकाचा खल आणि हवा कोरडी ठेवायला डीह्युमिडिफायरही मागितला होता. नेमका तेवढाच भाग कापला गेला. किरकोळ साहित्य आहे, स्वनिधीतून घ्या, असं कळवण्यात आलं.

हे किरकोळ म्हणजे काय ते जुलैत कळतं. मधल्या इन्फ्रारेडला साधी काच चालत नाही, ती किरण अडवते; म्हणून नमुना ते आरपार जाऊ देणाऱ्या पोटॅशियम ब्रोमाइड या मिठात मिसळतात. एक मिलिग्रॅम नमुना, शंभरेक मिलिग्रॅम हे मीठ. कण २ मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत घोटायचं, नाहीतर किरण विखुरतात आणि आलेख तिरपा होतो. मग १३ मिलिमीटरच्या डायमध्ये ८ ते १० टन दाब, की पारदर्शक टिकली तयार. पण हे मीठ हवेतलं पाणी ओढतं. आमच्याकडे पावसात ते खलातून डायमध्ये जाईपर्यंतच ओलावतं.

गेल्या जुलैत टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) एका मुलीने बेन्झोफिनोनची टिकली पाडली, दुधासारखी. आलेखात ३४०० पाशी (तरंगसंख्या, सेमी⁻¹) भला मोठा फुगवटा. तिने जर्नलमध्ये लिहिलं, ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट आहे. बेन्झोफिनोनमध्ये ओएच कुठला? ते आमच्या खिडकीबाहेरचं पाणी होतं. तेच पाणी १६४० पाशीही डोकं काढतं, म्हणजे १६६०च्या खऱ्या कार्बोनिलला (बेन्झोफिनोनमधल्या कार्बन-ऑक्सिजन गटाला) अगदी चिकटून. पोरीचं काय चुकलं? दिसलं ते तिने लिहिलं.

प्रेस म्हणून आम्ही गॅरेजमधला हायड्रॉलिक जॅक लोखंडी चौकटीत बसवलाय. चालतो, पण दाब किती ते देव जाणे. डाय दुसऱ्या कॉलेजातून उसनी आणली होती. शनिवारी कुणीतरी ती न पुसता ठेवली आणि सोमवारी तिच्या आरशासारख्या तोंडावर गंजाचे ठिपके. ब्रोमाइड स्टीलला सोडत नाही. परत करताना मान वर करवली नाही.

हिऱ्याची एटीआर अ‍ॅक्सेसरी (मिठाशिवाय नमुना मोजणारी जोडणी) असती, तर यातलं निम्मं टळलं असतं. भुकटी स्फटिकावर ठेवायची, स्क्रू आवळायचा, झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पण मशीनच्या पोटातलं बीमस्प्लिटरही (किरण दुभागणारा भाग) पोटॅशियम ब्रोमाइडचंच, तेव्हा खोली कोरडी हवीच. दोन दिवस वीज गेली की माझा जीव ओलावा शोषून रंग बदलणाऱ्या त्या सिलिका जेलच्या रंगात अडकतो.

म्हणून विनंती अशी की मंजुरीच्या आदेशात नमुना तयार करायचं साहित्य यंत्राचाच भाग धरावं, वेगळ्या हेडखाली ढकलू नये. त्याशिवाय निविदेची तुलनाच खोटी ठरते : नुसतं मशीन देणारा एल-१ (सर्वात कमी दराचा) होतो आणि सगळा संच देणारा महाग दिसतो. किनारपट्टीच्या कॉलेजांना ओलाव्याने न बिघडणाऱ्या झिंक सेलेनाइडच्या ऑप्टिक्सचा पर्याय मागू द्यावा. खालची थोडी रेंज जाते, पण पदवीच्या प्रयोगांचं त्यावाचून फारसं अडत नाही. आणि ब्रोमाइड, सिलिका जेलसाठी दरवर्षी थोडी रक्कम असावी.

निर्णय मेअखेर झाला तर बरं. विभागात ओव्हन एकच आहे आणि जूनपासून त्यात सिलिका जेल आणि मुलांचं काचसामान पाळीपाळीने वाळायला जातं.

आपला नम्र,
एक प्रयोगशाळा सहाय्यक