आधी हिशेब दाखवा, मग करिअर विचारा

संपादक महोदय,

निकालाचे दिवस आले की करिअरवर ढीगभर लेख येतात, पण ज्यांच्या घरचा धंदा आहे त्या पोरांबद्दल कोणी लिहीत नाही, त्यांचं काय, बसायची गादी तयारच आहे असं सगळे धरून चालतात. मी छोट्या धंदेवाल्यांचे हिशेब लिहितो त्यामुळे या गाद्या रोज जवळून बघतो.

वडील म्हणतात आमची काही जबरदस्ती नाही बाबा, तुला पाहिजे ते कर, आणि चार लोकांत मात्र "हे सगळं कोणासाठी केलं मग?" बरं, ज्याच्यासाठी केलं त्याला कर्ज किती आहे, उधारी किती बुडाली, वर्षाअखेर हातात काय उरतं यातलं काही म्हणजे काही माहीत नसतं. एका मुलाने कॉलेजात असतानाच पार्टनर म्हणून सह्या केल्या, वडिलांनी पेन्सिलने फुल्या मारलेल्या तिथे तिथे. पुढे नोकरी लागली, घरासाठी लोन मागायला गेला तेव्हा कळलं की धंद्याच्या कर्जाला आपण स्वतः बांधलेले आहोत. साध्या भागीदारीत धंद्याचं देणं पार्टनरच्या खासगी मालमत्तेपर्यंत येतं हे सही घेताना सांगायला काय हरकत होती?

धंदा रक्तात असावा लागतो हेही एक ठरलेलं वाक्य. स्वीडनमधल्या दत्तक मुलांवरचा एक अभ्यास २०१५ साली छापून आलाय, त्यात जन्मदात्यांपेक्षा वाढवणाऱ्या आईबापांच्या धंद्याचा परिणाम जवळपास दुप्पट निघाला. म्हणजे रक्तापेक्षा घरात काय दिसतं ते महत्त्वाचं, आणि आपल्या पोरांना दिसतं काय तर रात्री उशिरा घरी येऊन चिडचिड करणारा बाप.

मुलींचं तर विचारूच नका. डेन्मार्कमधल्या कंपन्यांवरचा २००७ चा अभ्यास आहे, तिथेसुद्धा मालकाचं पहिलं अपत्य मुलगा असेल तर प्रमुखाची खुर्ची घरातच राहायची शक्यता जास्त, आणि घरचाच माणूस बसवला की बाहेरच्याच्या मानाने नफा घसरलेला. माझ्याकडे येणाऱ्यांतही वसुली चोख करणारी मुलगी असते आणि नाव लागतं भावाचं, ज्याला त्यात काडीचा रस नाही.

माझं पालकांना एवढंच म्हणणं की विचारायच्या आधी मुलगा असो मुलगी असो, समोर बसवून ताळेबंद दाखवा, कर्जासकट. आणि धंद्यात घेतलंच तर दरमहा खात्यावर पगार टाका, घरचंच आहे की म्हणून खिशात कोंबलेल्या नोटा नकोत, कारण उद्या तो बाहेर नोकरी मागायला गेला तर आधी काय करत होता याचा एक कागद त्याच्याकडे नसतो.

- एक वाचक