आधी कुणी उठायचं?

निशी-कासाई, तोक्यो
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. चुकलंच. तब्येत बरी आहे, पाठ कुरकुरते तेवढीच.

अण्णा गेले तेव्हा ‘रजा मिळत नाही’ म्हणालो होतो. तू म्हणालास, खोटं बोलतोयस. खोटंच होतं रे. रजा शिल्लक होती, मागायचं धाडस नव्हतं.

आता ऐक. तोक्यो महानगर सरकारनं एप्रिल 2025 पासून आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्याला तीन सुट्ट्या घ्यायची मुभा दिली. आमच्याकडेही तसा अर्ज निघालाय. तास तेवढेच, चार दिवस दहा-दहा तास भरायचे आणि शुक्रवार मोकळा. तीन आठवडे झाले, चाळीस जणांत एकानंही भरलेला नाही.

2019 मध्ये कायदा आला. जादा काम एरवी महिन्याला 45 तासांपर्यंत, वर्षाला निदान पाच दिवस रजा दिलीच पाहिजे. मग हापिसात आठ वाजता दिवे बंद व्हायला लागले. लोक लॅपटॉपच्या उजेडात बसून राहिले, चेहरे निळे पडलेले. जो निघतो तो वाकून म्हणतो, ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमास’, तुमच्याआधी जातोय, माफ करा. घरी जायची माफी, बाळ्या! कामानं माणूस मरतो त्याला इथे कारोशी असा वेगळा शब्द आहे, तरी कुणी आधी उठत नाही.

गुरुवारी आमचे काचो, म्हणजे विभागप्रमुख, टेबलाशी आले. हळूच म्हणाले, ‘तुम्ही अर्ज भराल का? मग मलाही भरता येईल.’ बायकोला शुक्रवारी दवाखान्यात न्यायचं असतं त्यांना. वीस वर्षांनी मोठा माणूस माझ्याकडे आशेनं बघत होता. मला रात्रभर झोप नाही. परदेशी आहे म्हणून मला चालवून घेतील, पण शुक्रवारचं माझं काम शेजारच्या पोरीच्या गळ्यात पडेल. बोनसच्या वेळी काय लिहितील? आणि नाही भरला, तर त्यांच्याकडे कुठल्या तोंडानं बघू?

परीक्षेत सगळ्यांत आधी पेपर देऊन तू उठायचास, आठवतं? निम्मा कोरा असायचा, पण तू उठलास की आम्हालाही उठता यायचं.

अर्ज भरलाय, हांको, म्हणजे नावाचा शिक्का, मारलाय. बॅगेत आहे. उद्या सकाळी देतो.

चिऊची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. दुकानाचं काय झालं ते सविस्तर लिही.

पहिल्या मोकळ्या शुक्रवारी इथल्या दहाला फोन करतो. तुझे साडेसहा वाजलेले असतील. ऊठ.

तुझा,
पक्या