बोकड, रक्त आणि नवा करार: बापूस पत्र

अहिल्यानगर
(आम्ही अजून नगरच म्हणतो)

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू जे विचारलंस ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो. "आमच्या जत्रेत बोकड पडला की शिकलेली माणसं नाकं मुरडतात, आणि तुमच्या शास्त्रात तर पानोपानी रक्त. वर म्हणता देव प्रीती आहे. मग त्याला रक्त लागतंच कशाला?" प्रश्न रास्त आहे.

मी दिलेलं बायबल तुझ्याकडे पंचांगाखाली कुठेतरी असेल. त्यात लेवीय नावाचं पुस्तक आहे, त्याचा चौथा अध्याय काढ. साध्या माणसाच्या हातून नकळत पाप घडलं तर काय करायचं, ते तिथे आहे. त्याने निर्दोष बकरी आणायची आणि तिच्या डोक्यावर हात ठेवायचा. मग तिला मारायचंही त्यानेच. याजकाचं, म्हणजे पुरोहिताचं, काम त्यानंतर सुरू होतं: बोटाने वेदीच्या कोपऱ्यांवरच्या शिंगांना रक्त लावायचं, उरलेलं पायथ्याशी ओतायचं, चरबीचा होम करायचा. पण सुरी धरायची ती ज्याचं चुकलं त्याने. तळहाताखाली जनावराचं डोकं ऊबदार लागत असणार, ते मान झटकत असणार, आणि आपल्या पापापायी कोणाचा जीव जातोय ते डोळ्यांदेखत दिसत असणार. मला वाटतं, सगळा विधी त्या हातात आहे. देवाच्या भुकेचा इथे संबंधच नाही. स्तोत्रकर्त्याच्या तोंडून देव स्वच्छ सांगतो की मला भूक लागलीच तर तुला सांगायला येणार नाही, जग माझंच आहे. (पन्नासावं स्तोत्र. तुला आवडेल, बरंच खडसावलं आहे.)

आणि पुढच्या अध्यायातली एक गोष्ट आमच्या प्रवचनांतही फारशी येत नाही. बकरी परवडत नसेल तर दोन होले. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे साधारण दोन लिटर. त्यावर तेल नाही, धूप नाही. तेवढ्यावर क्षमा. म्हणजे रक्त रक्त म्हणून आपण ओरडतो त्या जुन्या करारातच, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातच, अगदी गरिबाला रक्ताची अट सुटलेली होती.

तरी हे सगळं अपुरं होतं, असं बायबलच्या नव्या करारातल्या, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचं म्हणणं आहे. ते कोणी लिहिलं, त्यावर पंडितांचं एकमत नाही. पण लिहिणारा वकिलासारखा मुद्दा मांडतो. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानात, म्हणजे अगदी आतल्या गाभाऱ्यात, जायचा. दोन बोकडांवर चिठ्ठ्या टाकायच्या; एक कापला जायचा, दुसऱ्याच्या माथ्यावर लोकांची पापं कबूल करून त्याला रानात सोडून द्यायचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. इब्रीकर विचारतो, काम झालं असतं तर थांबले नसते का? आणि मग तो एक बारीक गोष्ट पकडतो: याजक रोज उभा राहून सेवा करतो. निवासमंडपातल्या, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या तंबूतल्या, सामानाची यादी वाच. समई आहे, मेज आहे, धूपवेदी आहे, कोश आहे. याजकाला टेकायला काही नाही. ख्रिस्ताने मात्र क्रुसावर एकदाच स्वतःचं अर्पण केलं आणि तो देवाच्या उजवीकडे बसला. नव्या करारातला यज्ञ म्हणजे हे बसणं. आता करायचं काही उरलं नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: इथे देव मागणारा नाही, देणारा आहे. यिर्मया संदेष्ट्याने ख्रिस्ताच्या सुमारे सहाशे वर्षं आधी नव्या कराराचं सांगितलं, त्यातही माणसाने काय आणायचं ते नाहीच. देव म्हणतो, नियम मी त्यांच्या हृदयावर लिहीन, पापं मी आठवणार नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने प्याला उचलून हाच करार आपल्या रक्तात केला. आता तू म्हणशील, निरपराध पोराला बापाने मारलं, यात कसली प्रीती? तसं रंगवून सांगणारी प्रवचनं मलाही खटकतात. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की माझा जीव कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. हे वाक्य वगळलं की सगळं क्रूर वाटणारच.

त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीचा विधी, म्हणजे प्रभुभोजन, त्याचं थोडक्यात सांगतो. आमच्या मंडळीत ती आठवण आहे. वसई-गोव्याकडचे कॅथलिक म्हणतील की मिस्सात, म्हणजे त्यांच्या या विधीत, तोच एक यज्ञ समोर येतो, नवा होत नाही. वाद जुना आहे, आपण त्यात नको पडूया. यहुद्यांचंही बळी देणं इसवी सन 70 मध्ये यरुशलेमचं मंदिर पडल्यावर थांबलं. आपल्या रायगडातले मराठी यहुदी, बेने इस्राएल, प्रायश्चित्ताचा दिवस उपास-प्रार्थनेनेच पाळत आले.

खरी गंमत आमचीच आहे. सगळं फिटलं म्हणून रविवारी गायचं, आणि सोमवारी "प्रभू, पोराला नोकरी लाव, पहिला पगार देवळात देतो." नवसच की तो! फक्त बोकडाऐवजी पाकीट. पाळकांनाही ते पाकीट नको म्हणवत नाही, कारण छपराचं काम अडलेलं असतं.

मग त्याग उरलाच नाही का? उरला, पण त्याची दिशा बदलली. इब्रीच्या शेवटच्या अध्यायात दोन अर्पणं सांगितली आहेत: ओठांनी स्तुती, आणि आपल्यातलं दुसऱ्याला देणं. पंडिता रमाबाई मला इथे आठवतात. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा अशा शेकडोजणींना घेऊन आल्या. त्यांतूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. एवढं करून त्यांना देवाकडून काही सोडवून घ्यायचं नव्हतं. त्यांच्या हिशेबी ते आधीच मिळालेलं होतं, आणि म्हणूनच बहुधा त्या इतक्या मोकळ्या हाताने देऊ शकल्या. घाबरून देणारा माणूस मोजून देतो, हे मी मंडळीचा खजिनदार म्हणून तुला खात्रीने सांगतो.

लेवीय सोळा आणि इब्री दहा एका बैठकीत वाच, मग भांडायला ये. येताना जत्रेतल्या बोकडाचं तुमच्याकडे नेमकं काय म्हणणं असतं, ते आईंना विचारून ये. मला ते त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे. त्यांना आणि वहिनींना सलाम.

तुझाच,
खजिनदार